फासा एक, खेळणारी दोन

नागपूर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरला संपते. पुढे हिंगण्याचा रस्ता एमआयडीसीच्या शेड आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फाटकांवरून जातो. या पट्ट्यातल्या कित्येक घरांतून सकाळी एकजण शिफ्टला निघतो आणि एकजण लेक्चरला. हा संवाद अशाच एका घरातला. 'दादा' एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन सांभाळतो, 'छोटी' तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर शिकते. ग्राफिक कार्ड असलेला पीसी एकच, त्यावरचा खेळही एकच. सेव्ह मात्र दोन.

खेळ आहे 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजने तो ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण स्वरूपात आणला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तोच सर्वोत्तम ठरला. डोक्यात एक घातक अळी शिरलेली काही माणसं, ती अळी त्यांना राक्षस करून टाकण्याआधी उपाय शोधत फिरतात, एवढी कथा इथे पुरे. चौघांची टोळी असते, लढाईत आळीपाळीने चाल करायची असते, आणि वार लागला का, कुलूप उघडलं का, थाप पचली का, हे सगळं २० बाजूंचा फासा ठरवतो. हा खेळ नीट कसा खेळायचा, यावर या भावंडांचं एकमत नाही.

छोटी : दादा, तू अजून गॉब्लिनच्या छावणीतच? माझी बार्ड, ती गाणारी, तर तिथून केव्हाचीच निघाली.

दादा : निघाली नाही, वाचली म्हण. तिथे तीन सरदार, अंगणभर गॉब्लिन आणि जागोजागी नगारे. एकानं नगारा बडवला की सारी छावणी अंगावर. मी आधी नगारे फोडले, मग त्यांच्या दारूत विष कालवलं, आता सरदारांना एकेकटं गाठून राहिलो. लढाई सुरू व्हायच्या आधीच अर्धी जिंकलेली पाहिजे.

छोटी : आई म्हणे, दादा खेळत नाही, हिशेब करत बसते.

दादा : मग हिशेबच आहे तो! ऐक. समोर चार गॉब्लिन, प्रत्येकाचा जीव १० अंकांचा. आपली टोळी एका फेरीत २० अंकांची इजा करते. तू ती चौघांत वाटते, पाच-पाच. फेरी संपली तेव्हा चौघंही उभे, चौघंही वार करणार. मी दोघांना संपवतो, बाकीच्या दोघांकडे पाहतही नाही. माझ्यावर दोनच वार येतात. दुसऱ्या फेरीत तुझे चारही मेले, माझेही मेले. इजा आपण सारखीच केली, पण तू चार वार खाल्ले, मी दोन. अर्धमेला गॉब्लिन पुऱ्या ताकदीनंच तलवार मारते.

छोटी : हे तर मलाही समजते.

दादा : समजते, पण करत नाही. तुझी बार्ड पहिला बाण कोणावर सोडते? ज्यानं शिवी दिली त्याच्यावर.

छोटी : कारण ती तशी आहे. शिवी ऐकून घेऊन, सर्वात कमी जीव उरलेल्याकडे शांतपणे वळणारी बाई ती नाही.

दादा : शिवीला उत्तर द्यायचं तर छपरावर चढून दे न. उंचावरून खाली नेम धरला की फाशात २ वाढतात, खालून वर मारला की २ कमी होतात. २० बाजूंच्या फाशावर एक अंक म्हणजे ५ टक्के. दोन्हीतला फरक २० टक्क्यांचा झाला, तोही नुसतं शिडी चढण्यावर. त्यात लपून मारला तर अ‍ॅडव्हांटेज मिळते, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. ११ पडायला पाहिजे असेल तर एका फाशानं ५० टक्के, दोन फाशांनी ७५. समोरच्याला आधी पाण्यानं ओलं केलं आणि मग वीज पाडली तर इजा दुप्पट. यातलं काहीच नशिबावर नाही.

छोटी : मग एवढं सारं असून तू एफ-८ काहून दाबतो?

दादा : कधी कधी दाबावं लागते.

छोटी : मी शेजारच्या खोलीत बसते, मला त्या बटणाचा आवाज ओळखू येते! लढाईच्या आधी एफ-५, सेव्ह. फासा वाईट पडला की एफ-८, परत तिथून. ५० टक्क्यांची शक्यता तीनदा अजमावायची सोय ठेवली की ती ८७.५ टक्के होते. हा आकडा तुझ्या हिशेबात कुठेच येत नाही.

दादा : ते शिकायला असते. आमच्याकडे मशीनवर नवा जॉब लागला की पहिला पीस काढून मोजतो. माप चुकलं तर सेटिंग बदलतो, मग लॉट चालवतो. पहिला पीस स्क्रॅप होणार, हे गृहीतच धरलेलं असते.

छोटी : पण तो स्क्रॅप रजिस्टरमध्ये चढते न? तू तर पीस बनलाच नव्हता म्हणतो. ऑडिटला कोणी आलं तर काय दाखवशील?

दादा : बरं, माझं राहू दे. तू कशी खेळते ते सांग. बॅलन्स्ड पातळीवर न? मी टॅक्टिशियनवर खेळतो. तिथे शत्रूचा जीव जास्त, डोकंही जास्त.

छोटी : बॅलन्स्डवर खेळते, पण लोड करत नाही. झालं ते झालं. ड्रुइडांच्या वाडीतली ती लहान पोरगी आठवते का, अ‍ॅराबेला? मूर्ती चोरताना पकडलेली. ड्रुइडांची म्होरकी कागा तिच्या अंगावर साप सोडायला उभी आहे आणि आपण मधात बोलायचं. मी बोलली. फासा चुकला. साप चावला आणि पोरगी मेली.

दादा : मी तिथे लोड केलं. माझ्यात ती जिवंत आहे.

छोटी : तू तिला वाचवलं की फाशाला थकवलं?

दादा : कसंही म्हण, पोरगी वाचली. तुझ्या बार्डला स्वभाव मिळावा म्हणून तिकडे एक लेकरू गेलं, हे कसं वाटते?

छोटी : वाईट वाटते, म्हणून तर ते राहू दिलं. त्यानंतर माझी बार्ड तिच्या आईबापासमोर उभी राहिली. तेव्हापासून ती कोण्याच गादीवरच्या माणसाच्या न्यायावर विश्वास ठेवत नाही. पुढे जिथे जिथे कोणी मोठा माणूस दुबळ्याला शिव्या घालते, तिथे ती आधी बाण सोडते आणि मग विचारते. तुला तो मूर्खपणा वाटते. पण तो त्या एका वाईट फाशातून आला. मी लोड केलं असतं तर मला एक सुखरूप पोरगी मिळाली असती आणि एक कोरी बार्ड.

दादा : हे ऐकायला चांगलं आहे. पण फासा हा काही लेखक नाही, छोटी. तो वाईट पडला म्हणून त्यात अर्थ येत नाही. अर्थ तू घालून राहिली.

छोटी : मग? तुझ्या छपरावरच्या तिरंदाजातही अर्थ तूच घालतो. नाहीतर तो काय, अधिक दोन!

दादा : अधिक दोन खोटं बोलत नाही.

छोटी : माझीही जीभ काही कमी नाही. दुसऱ्या अंकात शारच्या देवळाखाली तो युर्गिर आहे न, धनुष्य घेतलेला सैतान? तू त्याच्याशी कसा लढला?

दादा : कठीण गेलं. ते सारे उंचावर लपलेले, आपण खाली खड्ड्यात. वरून स्फोटकं फेकते. आधी दोघांना वर चढवलं, मग...

छोटी : मी त्याच्याशी बोलली. त्याच्या करारातली पळवाट त्याला दाखवली. त्यानं आधी स्वतःची माणसं मारली, मग पाळलेलं जनावर मारलं, शेवटी स्वतःला संपवलं. थॉर्म घराण्यातले तिघं, ती टोल वसूल करणारी, तो शस्त्रक्रिया करणारा आणि तो दारू गाळणारा, तेही तिघं बोलण्यातच गेले. एकही बाण सुटला नाही.

दादा : आणि ते बोलणं कशावर उभं होतं तेही सांग. करिष्मा १७. पर्सुएजनमध्ये एक्स्पर्टीज. वरून टोळीतल्या शॅडोहार्टची गायडन्स, म्हणजे आणखी एक चार बाजूंचा फासा. तरी उलटा पडलाच तर इन्स्पिरेशन वापरून परत टाकायचा, आणि तेही चार साठवलेले. हे माझ्याहून जास्त नियोजन झालं. तू तलवारीऐवजी जिभेला धार लावली, बाकी काय वेगळं?

छोटी : इन्स्पिरेशन कशानं मिळते? आपल्या पात्राच्या पार्श्वभूमीला शोभेल असं वागल्यानं. कलावंतीण कलावंतिणीसारखी वागली तर मिळते, सैनिक सैनिकासारखा वागला तर मिळते. खेळानंच नियम केला, की भूमिकेत राहा, मी तुला फासा परत देईन.

दादा : म्हणजे भूमिका हासुद्धा एक आकडाच झाला.

छोटी : किंवा आकड्यालाही भूमिका लागते.

दादा : हे बघ, हा खेळ आला कुठून? नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सचे, आणि ते निघाले युद्धाच्या खेळातून. रीसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये 'क्रीगश्पील'चे नियम छापले. नकाशा, सैन्याचे ठोकळे आणि फासे. सेनाधिकारी त्यावर शिकत. फासा ठेवला तो रणांगणावर काय होईल याचा भरवसा नसते म्हणून. तीच परंपरा अमेरिकेत आली, आणि गॅरी गायगॅक्सनं १९७१ मध्ये 'चेनमेल' काढलं, मध्ययुगीन लढायांचे नियम. तुझ्या बार्डचा पणजोबा सेनापती होता.

छोटी : आणि पणजी? तिचं नाव घेत नाही तू. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं 'ब्राउनश्टाइन' नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक गाव, दोन्हीकडून सैन्य येणार, आणि खेळाडूंना पलटणी द्यायच्या ऐवजी त्यानं गावातली एकेक माणसं दिली. सैन्य भिडायच्या आधीच खेळाडू आपसात बोलायला लागले, कट रचायला लागले. वेस्लीला वाटलं डाव फसला. खेळणारे म्हणाले, परत कधी? त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसननं पुढे 'ब्लॅकमूर' उभं केलं, आणि १९७४ मध्ये आर्नेसन आणि गायगॅक्स, दोघांच्या नावानं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. दोघांच्या, दादा. एकट्या गायगॅक्सच्या नाही.

दादा : तरी लढाई हरली की भूमिकाही गेली. मेलेल्या बार्डला स्वभाव नसते. जागा आधी, बाकी सारं नंतर. लांब कशाला, तू रोज मेट्रोनं सीताबर्डीवरून जाते न? ती टेकडी बघ. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथे लढाई पेटली, दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली. इंग्रजांकडे दीड हजाराच्या आसपास माणसं, आप्पासाहेब भोसल्यांकडे त्याच्या कितीतरी पट. पण इंग्रज दोन टेकड्यांवर बसले होते, मोठी आणि लहान. त्या उंचीनंच त्यांना रात्रभर तगवलं.

छोटी : तगवलं, जिंकवलं नाही. सकाळी भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी घेतली होती. मोठीचं काही खरं नव्हतं. मग काय झालं?

दादा : मग लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी ती परत घेतली.

छोटी : आणि त्याच्या आधी? खाली मैदानात बंगाल घोडदळाचा कॅप्टन फिट्झगेराल्ड उभा होता. हल्ल्याची परवानगी मागत राहिला, वरिष्ठ नाही म्हणत राहिले. त्या लढाईच्या वृत्तांतात असं येते, की शेवटी तो स्वतःच्या जोखमीवर घुसला, भोसल्यांचं घोडदळ मागे रेटलं, दोन तोफा घेतल्या आणि त्यांच्यावरच उलट्या फिरवल्या. तुझ्यासारखे वरिष्ठ टेकडीवर हिशेब करत बसले होते. डाव फिरवला तो माझ्यासारख्यानं.

दादा : तो घुसू शकला, कारण टेकडी तोवर टिकली होती. वर कोणी जागा धरून बसलं नसतं तर तुझा फिट्झगेराल्ड कशासाठी घुसला असता? आणि त्याच्यासारखे घुसून मेलेले कितीतरी असतील. ज्यांचा फासा चांगला पडला त्यांचंच नाव उरते.

छोटी : हे बरोबर आहे. पण मग स्फोटही मोज. उंची तुझी, धाडस माझं, आणि तो स्फोट कोणाच्याच हिशेबात नव्हता.

दादा : आणि हरले ते आपले. डिसेंबरात शहर गेलं, दुसऱ्या वर्षी आप्पासाहेबांची गादी गेली. पुढे रानोमाळ फिरत जोधपूरला पोहोचले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. त्यांना कोणी एफ-८ दिलं नाही.

छोटी : म्हणूनच म्हणते. जिथे परत फिरता येते तिथे तू केलेल्या योजनेला वजन राहत नाही. वजन यायला ती चुकायची भीती पाहिजे.

दादा : भीतीच पाहिजे तर फाशाचे खेळ सोड आणि आपल्या पुण्याचं 'राजी' खेळ. नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलं. सर्कशीतली मुलगी, हातात त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार, आणि भाऊ राक्षसानं पळवलेला. तिथे ना शक्यता, ना टक्के. उडी चुकली तर तूच चुकली.

छोटी : खेळली मी. चित्रं सुरेख आहेत, राजस्थानी वाड्यांतून फिरल्यासारखं वाटते. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याचं नामांकन होतं, हे ऐकून छाती फुगते. पण तिथे राजीनं काय करायचं ते आधीच ठरलेलं आहे. शस्त्र कोणतं घ्यायचं एवढं माझ्या हातात, राक्षसाशी बोलायचं का हे नाही. तू आणि मी ते खेळलो तर दोघांचं जवळपास सारखंच होईल. इथे आपली भांडणं होतात, कारण या खेळानं दोघांनाही जागा ठेवली.

दादा : जागा ठेवली हे खरं, पण सारखीच ठेवली नाही. खेळाडूला सोडलं की तो सर्वात खात्रीची वाट शोधते, मग ती कितीही कंटाळवाणी असो. सोरेन जॉन्सननं हे फार आधी लिहून ठेवलं, सिव्हिलायझेशन ४ त्यानंच रचलं. त्याचं म्हणणं असं, की संधी मिळाली तर खेळाडू खेळातली मजाच गाळून टाकतात.

छोटी : हे तू सांगून राहिला? तू? आपल्या छावणीत स्फोटकाची पिंपं गोळा करून ठेवणारा? मोठा शत्रू दिसला की त्याच्या भोवती पिंपं रचायची, एक जळता बाण सोडायचा आणि संपलं! त्यात कोणती चाल आली?

दादा : म्हणून तर सांगून राहिलो. पिंपांनी जिंकलेली एकही लढाई मला आठवत नाही. आठवते ती अ‍ॅडमँटाइन भट्टीतली, भट्टी राखणाऱ्या ग्रिमची. त्याला तलवार लागत नाही. लाव्हा सोडायचा, तो तापला की त्याला भट्टीच्या भल्यामोठ्या घणाखाली आणायचं आणि घण पाडायचा. आणि तो कोणाच्या मागे जाते? ज्यानं शेवटचा वार केला त्याच्या. हे कळलं की एक तिरंदाज पुरे. त्याला लावून दे आणि बरोबर घणाखाली उभं कर.

छोटी : शेवटच्या वारावरून जाते? मला माहीत नव्हतं. माझी टोळी तिथे मरता मरता वाचली.

दादा : कारण तू त्याच्याशी बोलायला गेली असशील.

छोटी : आणि तू ऑनर मोडमध्ये कुठे मेला, ते मी सांगू का? डोंगरवाटेवर, गिथयांकींच्या पहाऱ्यासमोर. तिथे बोलून निघता येते. पण तुझ्या फायटरचा करिष्मा ८. लढाईत कामाचा नाही म्हणून तूच काढून टाकला होता.

दादा : टाकला होता.

इथे दोघंही थोडा वेळ गप्प होती. ऑनर मोड ही या खेळातली सर्वात कडक पातळी, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आलेली. सेव्ह एकच, आणि तो खेळच आपोआप लिहीत जातो. मागे जाता येत नाही. मोठ्या शत्रूंना जादा चाली मिळतात. सगळी टोळी पडली की तो डाव सन्मानाचा राहत नाही. शेवटपर्यंत पोहोचलं तर एक सोनेरी फासा मिळतो.

छोटी : मला एक दिसते, दादा. तुला डाव हरलेला चालत नाही. मला माणूस बदललेला चालत नाही. तू एफ-८ दाबतो तेव्हा हार पुसतो. मी पुसत नाही, पण...

दादा : पण तू पातळी सोपी घेते. म्हणून तुला न पुसणं परवडते. चुका केल्या तरी बॅलन्स्ड तुला पुढे जाऊ देते. मी पातळी कठीण घेतो, कारण मला लोड करता येते. दोघांनीही एकेका जागी सवलत घेऊन ठेवली आणि तिथेच बसून दुसऱ्याला शिकवून राहिलो.

छोटी : म्हणजे शैली म्हणजे स्वभाव नाहीच.

दादा : कोणता तोटा सोसायचा आणि कोणता नाही, हे ठरवलं की शैली ठरली. मग बाकी सारं, छप्पर म्हण, बार्ड म्हण, पिंपं म्हण, त्याच्या मागून येते. मी लढाई गमवायला तयार नाही, म्हणून सारी अक्कल लढाईच्या आधी लावतो. तू पात्र गमवायला तयार नाही, म्हणून लढाईत काहीही होऊ देते.

छोटी : मग ऑनर मोड दोघं मिळून खेळू. तुझं एफ-८ गेलं, माझं बॅलन्स्ड गेलं. दोन पात्रं तुझी, दोन माझी.

दादा : चालेल. पण हरायला लागलो तर काय करायचं, हे आताच ठरवू. एकानं मागे फिरायचं, लांब जायचं, छावणी गाठायची. बाकीचे पडले तरी चालेल. छावणीतला विदर्स २०० मोहरांत एकाला उठवते. एक जिवंत तर डाव जिवंत. १६६५ मध्ये पुरंदरला महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ ठेवले, आणि पाच वर्षांत ते परत घ्यायला सुरुवात केली. मागे फिरणं हीसुद्धा चालच आहे.

छोटी : मान्य. पण फिरायचं कोणी?

दादा : तू. मिस्टी स्टेपचा ताईत तुझ्या बार्डच्या गळ्यात आहे. एका उडीत घेऱ्याच्या बाहेर. माझा फायटर दारात उभा राहील. अंगात जाड चिलखत आहे, दोन-तीन फेऱ्या तरी टिकेल.

छोटी : आणि तिथेच पडेल.

दादा : पडेल. हिशेब तसाच निघते.

छोटी : किती फेऱ्या टिकेल, ते हिशेबातून निघते. पण दारात कोणी राहायचं हे कुठून निघालं? तू तर बोलायच्या आधीच आपलं पात्र तिथे ठेवलं. तुझ्या आजवरच्या कोण्याच फायटरनं असं केलं नाही.

दादा : आणि तुझी बार्ड? सोबत्याला दारात सोडून पळणं तिच्या स्वभावात बसते का?

छोटी : नाही बसत. अ‍ॅराबेला गेली त्यानंतर तर नाहीच. पण ती थांबली तर चौघंही जातात, हे मी पाहून राहिली न. पळेल ती. मग २०० मोहरा घेऊन परत येईल आणि आयुष्यभर तुझ्या फायटरचे टोमणे ऐकेल.

दादा : टोमणे मारायला करिष्मा लागते. माझ्याकडे ८ आहे.

छोटी : या वेळी वाढव. डोंगरवाटेवर परत जायचं आहे. आणि एक माझीही अट लिहून घे. लढाई कोणतीही असो, आधी मी बोलणार.

दादा : बोल न. पण तू बोलत असताना बाकीच्या तिघांना हलवता येते, हे तुला माहीत आहे. तुझं बोलणं संपायच्या आत माझा तिरंदाज छपरावर असेल.

छोटी : असू दे. पण मी बोलून काम केलं आणि बाण सुटलाच नाही, तर ते अधिक दोन तू कोणाच्या नावावर मांडशील?